पायाळू प्रयागबाई

प्रयागबाई कुणालाही "कसे आहात?" असं विचारत नाहीत. त्या "कुठला पाय?" असं विचारतात.

शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या या शाळेत मी बदलून आलो, तो पहिला दिवस मला अजून आठवतो. मुख्याध्यापकांच्या खोलीत हजर झाल्याची सही केली आणि व्हरांड्यात आलो, तर समोर एक बाई उभ्या. सुती साडी, वर निळं जर्किन, पायात पांढरे बूट आणि गळ्यात शिट्टी. मी नमस्कार केला. बाईंनी नमस्काराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या माझ्या चपलांकडे बघत होत्या.

"कुठला पाय? डावा ना?"

"नाही हो, पायाला काही झालेलं नाही," मी म्हणालो.

"झालंय. टाच उचलून चालायलाव. सकाळी उठल्यावर पयली पावलं टाकताना जीव जात असंल."

जात होता. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती, कारण तिला सांगितलं की विषय थेट माझ्या वजनावर जातो. बाईंनी तिथंच उभ्या उभ्या उपाय सांगितला. पाण्याची बाटली फ्रिजमध्ये गोठवायची, जमिनीवर आडवी ठेवायची आणि तिच्यावर तळपाय मागेपुढे फिरवायचा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. आणि या पातळ चपला कुणाला तरी देऊन टाकायच्या. एवढं सांगून त्या निघून गेल्या. माझं नाव त्यांनी विचारलंच नाही. पुढं बरेच दिवस त्या माझा उल्लेख "ते डाव्या टाचेचे नवीन सर" असाच करत, आणि टाच बरी झाली तेव्हा त्यांना माझ्याशी काय बोलावं हे कळेना.

प्रयागबाई आमच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतात. बाकीच्या शाळांमध्ये या विषयाचे शिक्षक शिट्टी वाजवून "पळा!" म्हणतात. आमच्या बाई शिट्टी वाजवून "थांबा!" म्हणतात. मैदानावर आल्याबरोबर पोरींनी पळत सुटायचं नाही. आधी चालायचं, मग घोटे फिरवायचे, मग गुडघे, मग कंबर, मग हळूहळू धावायचं. मग जागच्या जागी उड्या, आणि उडीनंतर जमिनीवर येताना गुडघे वाकलेलेच हवेत. ताठ गुडघ्यांनी कुणी उतरलं की मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून आवाज येतो, "गुडघ्यात वाक! खांब हायीस का तू?" हे सगळं इतका वेळ चालतं की कुंपणाबाहेर बघायला थांबलेली माणसं कंटाळून निघून जातात. कबड्डी सुरू होते तेव्हा बघायला फक्त शेळ्या असतात.

गावात मी नवीन असताना सकाळी फिरायला निघालो आणि घाबरलो. घरोघरच्या ओट्यांवर पोरी एका पायावर उभ्या. तोंडात ब्रश, तोंडाभोवती फेस, एक पाय वर, नजर समोर. मला वाटलं, गावाचा काही नवस असेल. चौकशी केल्यावर कळलं, हा बाईंचा गृहपाठ. दात घासून होईपर्यंत आधी एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. कारण बाईंचं म्हणणं असं, की घोटा मुरगळतो तो पायाला तोल सांभाळायची सवय नसते म्हणून. "पडायच्या आधी पायाला कळलं पायजे की आपण पडायलोत," त्या म्हणतात. आता त्या पोरींच्या आया आणि काही आज्यासुद्धा एका पायावर दात घासतात. ज्यांना दात नाहीत, त्या नुसत्याच उभ्या राहतात.

बाईंचं दुसरं आवडतं वाक्य म्हणजे "चोळायचं न्हाई!" आमच्या भागात कुणाला कुठंही लागलं की पहिलं काम चोळायचं. पोरगं पडलं की ते उठायच्या आत दोन माणसं तेल घेऊन आलेली असतात. मुक्या माराला तेल, मुरगळल्याला तेल, आणि तेल संपलं तर बाम. बाईंचा या बामवर एवढा राग, की सहलीला निघताना त्या पोरींच्या पिशव्या तपासतात आणि बामच्या बाटल्या जप्त करून ठेवतात. त्यांचा विश्वास बर्फावर. शाळेत फ्रिज नाही, त्यामुळं मुख्याध्यापकांच्या घरच्या फ्रिजमध्ये भाजीला जागा नाही, सगळ्या कप्प्यांत बाईंचा बर्फ. मुख्याध्यापकीणबाईंनी एकदा तक्रार केली, तेव्हा बाईंनी त्यांना "कुठला पाय?" विचारलं. त्यांचा उजवा गुडघा निघाला. त्यानंतर तक्रार आली नाही.

दुखण्याच्या जाती ओळखायला बाई पोरींना पाढ्यासारखं शिकवतात. "दमल्याचं दुखणं सगळ्या पायाला असतंय आन दोन-चार दिवसांत आपसूक जातंय. त्याला भ्यायचं न्हाई. पर जे दुखणं एका बोटानं दाखवता येतंय, ते खोटं बोलत न्हाई. तिथं खेळ बंद. टक असा आवाज आला, बंद. पाय टेकवंना, बंद, आन सरळ दवाखाना." हे सगळं ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय. परवा वर्गात एका पोराचं पोट दुखायला लागलं, तर मी त्याला एका बोटानं दाखवायला सांगितलं.

आता बाईंची खरी गंमत सांगतो. बाई पायाळू आहेत. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी आधी पाय बाहेर आले. अशा माणसाच्या पायाला गुण असतो, अशी आपल्याकडं समजूत. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाची हलकी लाथ बसली पाहिजे, की उसण गेली. बाईंच्या दारात सकाळी सकाळी कंबरेवर हात ठेवून वाकडी उभी असलेली माणसं मी स्वतः पाहिलीत. आणि बाई लाथ मारत नाहीत. कुणालाच नाही. सरपंचांनाही नाही.

मलाही एकदा उसण भरली. गॅसची टाकी उचलायला गेलो आणि तसाच अर्धा वाकलेला राहिलो. बायकोनं डॉक्टरांना नाही, प्रयागबाईंना बोलावलं. त्यांना पाटावर बसवून हळदीकुंकू लावलं आणि म्हणाली, "बाई, एवढी लाथ घाला यांना." इतक्या मनापासून तिनं कधी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

बाई उसळल्या. "माझा पाय म्हंजे काय दवाखाना हाय?" मग त्यांनी मला पायाला मुंग्या येतात का, पाय बधिर होतो का, असं सगळं विचारलं. नाही म्हटल्यावर शेकायला सांगितलं, अंथरूण धरून पडायचं नाही असं बजावलं आणि घरातल्या घरात हळूहळू चालायला लावलं. "टाकी उचलताना कंबरेत न्हाई, गुडघ्यात वाकायचं. एवढे शिकलेले तुमी," असं वरून सुनावलं. काही दिवसांत मी सरळ झालो. बायको मात्र शेजारणींना आजही सांगते, की बाईंची सावली पडली म्हणून गुण आला.

पण त्या दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लाथेचं नाव काढल्यावर बाईंच्या तोंडावर आलेला राग नेहमीचा नव्हता. नेहमीचा राग त्या पुढच्या वाक्याला विसरतात. हा मात्र त्या चहा पिऊन जाईपर्यंत गेला नाही. बाईंचं माहेर देगलूरकडचं, लग्न केलेलं नाही, शाळेमागं दोन खोल्यांत एकट्या राहतात. यापलीकडं गावात कुणाला काही माहीत नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

गेल्या वर्षी आमच्या पोरींचा कबड्डीचा संघ लातूरला जिल्ह्याची अंतिम फेरी जिंकला. गावात गुलाल उधळायची तयारी झाली. पण त्याच सामन्यात शेवटच्या चढाईला शिवकन्याचा घोटा समोरच्या पोरीनं धरला. शिवकन्या म्हणजे आमची सगळ्यात चपळ चढाईपटू, दहावीतली. तिनं सुटायला पाय हिसडला आणि घोटा आत वळला. बाईंनी तिथल्या तिथं बर्फ फडक्यात गुंडाळून लावला, पट्टी बांधली, बोटं गार पडत नाहीत ना ते पाहिलं आणि घरी पाठवताना चार-चारदा बजावलं, की पाय उशीवर ठेवायचा, शेकायचा नाही, चोळायचा नाही, आणि सकाळी उठून हाडाचा फोटो काढायला जायचं.

घरी शिवकन्याची आत्या तेल गरम करूनच बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडं गेलो होतो. नांदेडला विभागाची स्पर्धा तीन-चार आठवड्यांवर आली होती, संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून मी जाणार होतो, त्याची बोलणी चालली होती. एवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. माणिकराव, म्हणजे शिवकन्याचे वडील आणि आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. मागं शिवकन्या. तिला त्यांनी उचलूनच आत आणलं. पाय टम्म सुजलेला, तेलानं चकाकत होता, वर हळद आणि चुना.

"चोळला?" बाईंचा आवाज फुटला.

"मग चोळल्याबगर बरं व्हतंय का?" माणिकराव म्हणाले. "आत्यानं आन तिच्या मायनं मिळून चोळला. पोरगी वरडायली, पर सोडलं न्हाई. आता तुमी एक करा बाई. पाय लावा. तुमी पायाळू. एकच लाथ. पोरगी नांदेडला खेळली पायजे."

"दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता. हाड मोडलं का न्हाई ते बगा आदी."

"हाड कशाचं मोडतंय! तुमी लावत न्हाई तर ऱ्हाऊ द्या. नळेगावच्या पुढं एक पायाळू हाय. त्यो लाथ बी मारतो आन पाय वढून सांधा बी बसवतो. तिकडं नेतो."

मी शिवकन्याकडं पाहिलं. ती खाटेच्या काठाला घट्ट धरून बसली होती. पोरगी मैदानात सात जणींच्या हातातून निसटते, पण बापापुढं तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. विभाग जिंकला असता तर ती राज्यावर खेळणार होती, आणि आमच्याकडच्या पोरीला राज्यावर खेळणं म्हणजे दहावीनंतरही शिकायला मिळणं. नाहीतर सोयरीक बघायला पाहुणे तयारच होते. पण मोडलेल्या हाडाचा पाय कुणी ओढला असता, तर खेळणं सोडाच, धड चालणंही अवघड होतं.

बाई उठून आत गेल्या. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा पायात बूट नव्हते आणि उजवा पाय ओला होता.

"पोरीला आडवी करा. पाय उशीवर," त्या म्हणाल्या. मग भिंतीला एक हात टेकून त्यांनी आपला अंगठा शिवकन्याच्या घोट्याला टेकवला. टेकवला म्हणजे काय, पापणीला बोट लावावं इतका हलका. आणि लगेच पाय मागं घेतला.

माणिकरावांनी हात जोडले. मी तोंड उघडं टाकून बघत होतो.

"आता पथ्य," बाई म्हणाल्या.

"पथ्य असतंय का याला?"

"लई कडक. मोडलं तर गुण उलटा फिरतो. पायाला कुणाचा हात लागायचा न्हाई. आत्याची तर सावलीसुद्धा न्हाई. तेल न्हाई, शेक न्हाई. बर्फ लावायचा, पर फडक्यातून. उघडा लावला तर गुण जळून जातो. पाय उशीवर उंच. आन आजच्या आज लातूरला नेऊन फोटो काढायचा. फोटो निघाल्याबगर गुण लागूच पडत न्हाई."

"फोटोचं आजपतूर कुणी सांगितलं न्हाई."

"तवा फोटो नव्हते. आन आखरीचं, मी सांगंन तवाच पोरगी मैदानात उतरंल. त्याच्या आदी उतरली तर मी जिम्मेदार न्हाई."

माणिकरावांनी सगळं कबूल केलं. डॉक्टरांचं ज्यांनी या जन्मात ऐकलं नसतं, ते पायाळूचं निमूट ऐकून पोरीला घेऊन लातूरला गेले. मी हसू दाबून दाबून बेजार झालो होतो. मोटारसायकल दिसेनाशी झाल्यावर म्हणालो, "बाई, कमाल केलीत!"

बाई हसल्या नाहीत. त्या खाटेवर बसल्या होत्या आणि ओला पाय पदरानं पुसत होत्या, पुसून झाला तरी पुसतच होत्या. "सर, आज मी नको ते केलं," एवढंच म्हणाल्या. मी घरी आलो.

फोटोत हाड शाबूत निघालं, घोट्यातलं लिगामेंट ताणलं गेलं होतं. डॉक्टरांनी बर्फ, पट्टी, आराम आणि मग हळूहळू व्यायाम असं सगळं सांगितलं. त्यावर माणिकराव त्यांना म्हणाले, "आमच्या पायाळूनं सांगितलं तसंच तुमी सांगायलाव. हुशार हाव."

मग बाईंची खरी तपश्चर्या सुरू झाली. सूज थोडी उतरल्यावर शिवकन्यानं खुर्चीत बसून पायाच्या अंगठ्यानं हवेत मुळाक्षरं काढायची. घोटा सगळ्या बाजूंनी फिरावा म्हणून. मी मराठीचा शिक्षक, त्यामुळं तपासायला मला बसवलं. "ज्ञ" काढताना पोरगी घामाघूम व्हायची. मग टाचा उचलणं, मग एका पायावर उभं राहणं, मग घडी घातलेल्या वाकळेवर एका पायावर उभं राहणं, मग सरळ धावणं. प्रत्येक पायरीला बाई विचारायच्या, "दुखायलंय का? खरं सांग. माझ्यासाठी न्हाई, पायासाठी सांग." दुखलं की आदल्या पायरीवर परत.

माणिकराव रोज कुंपणाशी येऊन उभे राहत. "सूज गेली की बाई! बरा झाला पाय."

"सूज गेल्यावर पाय लुच्चा होतो. बरा हाय असं दाखवतो आन ऐन वक्ताला दगा देतो. तुमी घरी जा."

गावात कुजबुज सुरू झाली. बाईंनी चांगली खेळाडू बसवून ठेवली, बाईंना राज्य नकोच आहे, असं काही लोक बोलू लागले. बाईंच्या कानावर गेलं. त्या मैदानात विटा मांडून शिवकन्याकडून नागमोडी पळायचा सराव करून घेत राहिल्या.

आम्ही नांदेडला पोचलो. उपांत्य आणि अंतिम सामना एकाच दिवशी. सकाळी बाईंनी शिवकन्याला त्या एका पायावर उड्या मारायला लावल्या, वळून पळायला लावलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पाय तयार हाय. पर एका सामन्याला. दोन न्हाई."

"मग उपांत्य खेळवा! तो हरलो तर अंतिम कुठला?"

"अंतिम फेरीसाठी ठेवते. बाकीच्या पोरी काय नुसत्या उभ्या ऱ्हायला आणल्यात का?"

उपांत्य सामन्यात शिवकन्या बाकावर बसली होती आणि प्रेक्षकांतून माणिकराव बाईंच्या नावानं बोंबलत होते. "उतरवा तिला! ओ बाई! बसवून ठिवायला आणली का?" आम्ही मागं पडलो, बरोबरीला आलो, पुन्हा मागं पडलो. बाई मात्र समोरच्या संघाचे पाय बघत होत्या. "त्यांची कोपऱ्यातली पोरगी गुडघा धरायली. दमलेत त्या. आपल्या सात जणी धडधाकट हायत. चालवा." खरंच, शेवटी शेवटी समोरच्या पोरी लंगडू लागल्या आणि आमच्या पोरी नुकतीच सुरुवात केल्यासारख्या पळत होत्या. थोडक्यात जिंकलो. मी बाईंना वाकून नमस्कार करणार होतो, पण त्यांनी "गुडघ्यात वाका" म्हटलं असतं.

अंतिम सामन्याला शिवकन्या उतरली. घोट्याला बाईंनी स्वतः पट्टी बांधली होती. सगळा सामना बरोबरीनं चालला. शेवटच्या चढाईला दोन्हीकडं गुण सारखे. चढाई आमची. शिवकन्या आत गेली, डावीकडं झुकली, एकीला हात लावला आणि वळली, तेवढ्यात कोपऱ्यातल्या पोरीनं झेप घालून तिचा घोटा धरला. तोच घोटा.

माझे डोळे मिटले गेले. बाईंची शिट्टी तोंडात होती, ती तशीच राहिली. जिल्ह्याला अशाच वेळी तिनं पाय हिसडला होता. या वेळी हिसडला नाही. ती गुडघ्यात वाकली, त्याच पायावर भार घेतला, अंग पुढं झोकून दिलं आणि पालथी पडून हात लांब केला. बोटं मध्यरेषेच्या पलीकडं टेकली. पंचांनी हात वर केला.

पुढं काय झालं ते नीट सांगता येत नाही, कारण मी नाचत होतो. माणिकराव कठडा ओलांडून आत आले आणि मला उचलायचा प्रयत्न केला. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. बाई धावल्या त्या थेट शिवकन्याच्या घोट्याकडं. दाबून बघितला, फिरवून बघितला, "दुखायलंय?" विचारलं. "न्हाई बाई! जरा बी न्हाई!" शिवकन्या ओरडली, आणि सगळ्यांनी मिळून बाईंना खांद्यावर घेतलं. वरून बाई किंचाळत होत्या, "खाली ठिवा! कंबर धरंल एखादीची! गुडघ्यात वाकून ठिवा!"

बक्षीस समारंभ सुरू झाला. माइकवरून बाईंचं नाव पुकारलं, तर बाई कुठंच नाहीत. पुन्हा पुकारलं. मी शोधायला निघालो. प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागं लिंबाच्या सावलीत त्या बसल्या होत्या. शेजारी त्यांच्याच तोंडवळ्याची, जरा धाकटी बाई. मी जवळ गेलो तशी ती उठून उभी राहिली. तिचा उजवा पाय घोट्यातून आत वळलेला होता, आणि ती पावलाच्या बाहेरच्या कडेवर उभी होती.

"ही माझी बहीण, शेवंता. देगलूरहून आली," बाई म्हणाल्या आणि खाली बघू लागल्या.

शेवंताबाईंनी माझं नाव विचारलं, चहा झाला का विचारलं, आणि मग अगदी साधेपणानं सांगितलं, "लहानपणी मी चिंचंवरून पडले सर. पाय मोडला. घरचे मनले, घरातच पायाळू हाय, दवाखाना कशाला? रोज सकाळी अक्काला लाथ मारायला लावायचे. मी वरडायचे, ही रडायची, आन घरचे मनायचे, जोरात मार. हाड तसंच जुळलं."

बाई गळ्यातली शिट्टी बोटांत फिरवत होत्या.

"मी कवाच इसरले. माझं लग्न झालं, लेकरं झाली, या पायानं शेत केलं. पर ही इसरंना. मला चालताना बगवंना, म्हणून देगलूरला यायचीच बंद झाली. त्या दिवशी एकदम फोन आला. मनली, शेवंता, मी आज परत एका लेकराला पाय लावला गं. आन रडायलीच. मी मनलं, ती पोरगी खेळंल त्या दिवशी मी बगायला येते." शेवंताबाईंनी बहिणीचा हात धरला. "बगितलं मी अक्का. त्याच पायावर भार देऊन सुटली ती. चांगली धडधाकट हाय."

माइकवरून तिसऱ्यांदा नाव आलं. बाई उठेनात. तशी शेवंताबाईंनी त्यांना दंडाला धरून उभं केलं, त्यांच्या पदरानंच त्यांचं तोंड पुसलं आणि पाठीवर थाप मारून पुढं ढकललं.

बाई मंचावर गेल्या. पोरींनी आरडाओरडा करून मैदान डोक्यावर घेतलं. माणिकराव शिट्ट्या वाजवत होते. शेवंताबाई लंगडत लंगडत गर्दीत शिरल्या, पार पुढपर्यंत गेल्या, आणि ओळख ना पाळख अशा माणसांचे हात ओढून ओढून त्यांना सांगत सुटल्या, "ती बक्षीस घ्यायली ना, ती माझी अक्का हाय. माझी सख्खी बहीण हाय ती."